अर्धा किलोची शंकरपाळी विकू नये

फराळ घरी करून देशभर कुरिअरने पाठवायच्या धंद्यात कुणी नव्याने उतरत असेल, तर त्याला एकच गोष्ट आधी सांगावी: अर्धा किलोचं पाकीट ठेवू नका. साडेतीनशे ग्रॅमचं ठेवा, नाहीतर साडेआठशेचं. गिऱ्हाईक कुरकुरेल. आपल्याकडे पाव, अर्धा, एक किलो हीच मापं तोंडात बसलेली आहेत, आणि साडेतीनशे ग्रॅम म्हटलं की समोरच्याला वाटतं की वजनात मारताहेत. पण वाण्याच्या दुकानातला किलो आणि कुरिअरवाल्याचा किलो एकच नव्हे.

कुरिअर आणि स्पीड पोस्ट दोघांचेही पार्सलचे दर साधारण अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चढतात. धंद्यात त्याला सगळे 'स्लॅब' म्हणतात. पाचशे ग्रॅमपर्यंत एक दर, पाचशे एक झालं की एक किलोचा. आता अर्धा किलो शंकरपाळी घ्या. तिचं जाड पाकीट दहा ग्रॅम, खोकं शंभर-एकशेदहा, बबल रॅप आणि टेप मिळून वीस. काट्यावर साडेसहाशेच्या जवळ काहीतरी येतं आणि पैसे लागतात किलोचे. उरलेल्या साडेतीनशे ग्रॅमची जागा तुम्ही हवा पाठवायला भाड्याने घेतलेली असते. साडेतीनशेचं पाकीट ह्याच खोक्यात घालून पाचशेच्या आत बसतं, साडेआठशेचं हजाराच्या आत. म्हणजे पाकिटाचं वजन चवीवरून, कढईवरून किंवा गिऱ्हाइकाच्या सवयीवरून ठरवायचं नसतं. ते स्लॅबमधून खोक्याचं वजन वजा करून ठरवायचं. नवा विक्रेता नेमकं उलटं करतो. आधी माल, मग किंमत, मग इन्स्टाग्रामवर फोटो, आणि पहिली ऑर्डर आली की धावत जाऊन खोकं शोधायचं. तोवर किंमत जाहीर झालेली असते आणि वर 'फ्री शिपिंग' लिहिलेलं असतं.

हे झालं जड पदार्थांचं. पातळ पोह्यांचा चिवडा ह्या हिशेबात बसतच नाही, कारण त्याचे पैसे वजनाने लागत नाहीत. तो जागा खातो. विमान असो की ट्रक, डबा भरला की भरला, आत कापूस असो की लोखंड. म्हणून वाहतूकदार पार्सलची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजतात, तिन्हींचा गुणाकार करतात आणि त्याला बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात. येतं ते आकारमानी वजन. खरं वजन आणि हे वजन ह्यांत जे जास्त, त्याचे पैसे. काही कंपन्या जमिनीवरच्या वाहतुकीला वेगळा भाजक लावतात, तेव्हा करार करण्याआधी तो आकडा विचारून घ्यावा. सहसा तो दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो.

५००० चा अर्थ स्वयंपाकघराच्या भाषेत सोपा आहे. एक लिटरचं माप घ्या, त्यात माल भरा आणि काट्यावर ठेवा. दोनशे ग्रॅमपेक्षा कमी भरला, तर तुमच्या पार्सलचे पैसे आकारमानाने लागणार. बेसनाचे लाडू ह्या रेषेच्या फार वर असतात. पोह्यांचा चिवडा, कुरमुरे आणि मखाणे खाली असतात. शिवाय चिवडा मोडू नये म्हणून पाकिटात हवा भरली तर आणखी खाली. असा माल विकू नये असं नाही. पण त्याचा दर लाडवाच्या दरासारखा 'किलोमागे इतकं' असा धरला, तर फसगत ठरलेली.

ह्या गणिताचा सगळ्यात वाईट बळी म्हणजे आकाशकंदील. माहीमच्या कंदील गल्लीतून दिवाळीच्या आधी चालत गेलं की डोक्यावर नुसते रंग टांगलेले असतात. हातात घेतला तर पारंपरिक काड्या-कागदाचा कंदील तीन-चारशे ग्रॅमच्या पलीकडे जात नाही. तोच ३० सेंटीमीटरच्या चौकोनी खोक्यात बसवा: ३० गुणिले ३० गुणिले ३० म्हणजे २७,०००, भागिले ५००० म्हणजे ५.४ किलो. कंदील चारशे ग्रॅमचा, पावती साडेपाच किलोची. कंदिलाच्या किमतीहून त्याचा प्रवास महाग होतो, आणि तरी वाटेत वर दुसरं कुणाचं जड खोकं पडलं की काड्या मोडतात त्या मोडतातच.

ऑनलाइन कंदील विकून ज्यांचं भागतं, त्यांनी कंदीलच बदलला आहे. घडीचा कंदील, सपाट पाठवायचा, घरी नेऊन उघडायचा. सपाट खोकं ३२ बाय २५ बाय ३ सेंटीमीटर धरा. गुणाकार २४००, भागाकार ०.४८. अर्ध्या किलोच्या आत. पण हेच खोकं पॅकिंग करणाऱ्याने नीट दाबलं नाही, आतला थर फुगला आणि जाडी साडेतीन सेंटीमीटर झाली, तर गुणाकार २८०० होतो, वजन ०.५६, म्हणजे एक किलोचा स्लॅब. अर्धा सेंटीमीटर! कंपनीच्या हबवर पार्सल पट्ट्यावरून जाताना कॅमेरे ते मोजतात आणि फरक विक्रेत्याने आगाऊ पैसे भरलेल्या वॉलेटमधून आपोआप कापला जातो. विक्रेत्याला कळतं ते आठवड्याने, पॅनेलवर लाल अक्षरात. म्हणून मुरलेले विक्रेते पार्सल बंद केल्यावर त्याचे दोन फोटो काढून ठेवतात: एक काट्यावरचा, आकडा दिसेल असा, आणि एक टेप लावलेला, सेंटीमीटर दिसतील असा. वाद घातला तर कधी पैसे परत मिळतात, कधी नाही. फोटो नसेल तर मात्र वादालाच जागा नसते.

आणखी एक गंमत. खोक्यांचा बाजार इंचात चालतो आणि कुरिअरचा सेंटीमीटरमध्ये. पुण्याच्या रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास, पॅकिंगच्या सामानाची दुकानं आहेत. तिथे 'बारा-नऊ-चार द्या' म्हटलं की खोक्यांचा गठ्ठा समोर येतो. दिसायला आटोपशीर खोकं. सेंटीमीटरमध्ये ते साडेतीस बाय तेवीस बाय दहा होतं, म्हणजे सुमारे १.४ किलो, म्हणजे दीड किलोचा स्लॅब, आत एक रुमाल ठेवला तरी. शिवाय दुकानदार सांगतो ते बरेचदा आतलं माप; मोजलं जातं बाहेरचं, पुठ्ठ्याच्या जाडीसकट. खोकी घ्यायला जाताना खिशात दोऱ्याचा नव्हे, धातूचा टेप असावा.

'तीन प्लाय की पाच प्लाय?' हा तिथला पुढचा प्रश्न. दोन सपाट कागद आणि मध्ये एक नागमोडी, हे तीन प्लाय. त्यावर आणखी एक नागमोडी आणि एक सपाट, हे पाच. किलो-दोन किलोपर्यंत, न फुटणाऱ्या मालाला तीन प्लाय पुरतं. बरणी, क्रॉकरी किंवा पितळी समई असेल तर पाच. पण खोक्याची खरी ताकद असते आत पोकळी नसण्यात. भरलेलं खोकं कानाशी धरून हलवावं. आत काही सरकल्याचा आवाज आला तर ते तयार नाही. परदेशात ह्याची रीतसर चाचणी असते. इंटरनॅशनल सेफ ट्रान्झिट असोसिएशनच्या प्राथमिक पद्धतीत हलकं पार्सल ७६ सेंटीमीटरवरून दहा वेळा टाकतात: एक कोपरा, तीन कडा आणि सहा बाजू. ७६ सेंटीमीटर म्हणजे जेवणाच्या टेबलाची उंची. घरी कुणीही करून पाहू शकतं, एक चकलीचा डबा बळी देऊन. निम्म्याच चकल्या शाबूत निघाल्या तर पॅकिंग नापास समजा, कारण गिऱ्हाईक निम्म्या चकल्यांचे पैसे देत नाही.

चकलीला पाकीट चालत नाहीच. तिला कडक डबा लागतो, थरांमध्ये बटर पेपर आणि झाकणाखाली दाबून बसेल इतका कागद. अनारसे त्याहून नाजूक. करंजी टोकाकडून मोडते. ह्या सगळ्यांत आदर्श प्रवासी म्हणजे कडक बुंदीचा लाडू, पण त्याला गिऱ्हाईक कमी.

लोणच्याची तऱ्हा वेगळी. तिथे मोडण्याची भीती कमी, गळण्याची जास्त. झाकण कितीही घट्ट फिरवा, विमानाच्या डब्यात किंवा उन्हातल्या ट्रकमध्ये तेल वर चढतं आणि वाट काढतं. तेल पुठ्ठ्यात मुरलं की नागमोडी कागद मऊ पडतो, खोकं बसतं आणि शेजारच्या पार्सलातल्या साडीला डाग लागतो. मग भांडण दोन गिऱ्हाइकांशी. बरणीच्या तोंडाला झाकणाखाली इंडक्शन सील, त्यावर झाकण, झाकणाला टेप, बरणी बंद पिशवीत, पिशवी बबलमध्ये आणि मग खोकं: एवढे थर झाल्याशिवाय लोणचं घराबाहेर काढू नये. कोकणात पावसाळ्यात पुठ्ठा नुसत्या हवेनेही ओलावतो. तिथले काही जण खोक्यावरून प्लॅस्टिकची कुरिअर बॅग चढवतात. हे दहा-पंधरा ग्रॅम स्लॅबच्या गणितात आधीच धरावे लागतात.

पूर्वी कोरडं खोकं कापडात शिवायचे. मांजरपाटाचं कापड, गोणपाटाचा दाभण आणि जोडावर लाखेचे ठिपके. मुंबईच्या जीपीओबाहेर हे काम करणारे शिंपी बसत आले आहेत. वास्तुकार जॉन बेगने विजापूरच्या गोल घुमटाकडे नजर ठेवून उभारलेली ती १९१३ सालची इमारत, आणि तिच्या सावलीत परगावी-परदेशी जाणारी पार्सलं शिवून देणारी माणसं. पार्सल मध्येच उघडलं तर शिवण बोलते, हा त्यातला सुरक्षेचा भाग. आज ते काम ब्राउन टेप करते. टेप मधल्या फटीवर एक आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक अशी लावावी. सेलोटेप लावू नये. थंडीत ती सुटते. पण टेपमध्ये ती शिवण काही येत नाही, हे मला वाटतं ते वाटतंच.

आता दरांकडे. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली, आणि १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टच्या डॉक्युमेंटचे दर बदलले. ५१ ते २५० ग्रॅमच्या टपालाला गावातल्या गावात २४ रुपये. गावाबाहेर २०० किलोमीटरपर्यंत ५९, पाचशेपर्यंत ६३, हजारपर्यंत ६८, दोन हजारपर्यंत ७२ आणि त्याच्याही पुढे ७७. वर १८ टक्के जीएसटी. ओटीपी घेऊनच पोचवायचं असेल तर आणखी पाच रुपये. तक्ता नीट पाहा: पुण्याबाहेर पाऊल टाकायला पस्तीस रुपये, आणि साताऱ्याऐवजी गुवाहाटीला जायला अठराच जास्त. हा टपालाचा जुना स्वभाव आहे. १८५४ साली गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या काळात हिंदुस्थानभर एकच दर लागू झाला, पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, अंतर कितीही असो. पत्र नेण्यातला खर्च अंतराचा नसतो, तर उचलण्या-वाटण्याचा असतो, हा त्यामागचा इंग्लंडातल्या टपालसुधारक रोलंड हिलचा विचार.

पार्सल जड होत गेलं की मात्र अंतर बोलायला लागतं. ऑक्टोबर २०२५ आधीच्या तक्त्यात अर्ध्या किलोच्या पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला गावात दहा रुपये, दोनशे किलोमीटरपर्यंत पंधरा, हजारपर्यंत तीस, दोन हजारपर्यंत चाळीस आणि त्यापुढे पन्नास असा चढ होता. आकडे बदलतात, काउंटरवर ताजा तक्ता मागावा. घाट तोच राहतो. हलकं आणि महाग ते देशभर विका: चांदीची जोडवी, पैठणीचं ब्लाउज पीस, केशर. जड आणि स्वस्त ते जिल्ह्यातच बरं: गूळ, पापडखार, गोधडी. अर्थात गोधडी स्वस्त असू नये, पण तो वेगळा लेख.

खासगी कुरिअर की पोस्ट, ह्यावर लोक हमरीतुमरीवर येतात. माझं मत साधं आहे. शहरातून शहरात, दारातून उचलून, तीन-चार दिवसांत आणि दर मिनिटाला ट्रॅकिंग पाहणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कुरिअर. एकाच खिडकीतून अनेक कंपन्यांचे दर दाखवणाऱ्या मध्यस्थ कंपन्याही त्यासाठी सोयीच्या. पण पिनकोड गडचिरोलीतला किंवा कोयनेच्या खोऱ्यातल्या वाडीचा असेल, तर पोस्टाला पर्याय नाही. देशात एक लाख चौसष्ट हजारांहून जास्त डाकघरं आहेत, बहुतेक खेड्यांत. कुरिअरच्या यादीत असा पिनकोड 'ओडीए' म्हणून येतो, म्हणजे नेहमीच्या क्षेत्राबाहेरचा, आणि त्यावर जादा आकार बसतो. नव्या विक्रेत्याने ऑर्डर स्वीकारण्याआधी पिनकोड तपासावा, नंतर नव्हे.

तो पिनकोडही नीट लिहून घ्यावा लागतो. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या मराठी अधिकाऱ्याची, जे संस्कृतात नाटकं-काव्यं लिहीत. वडगाव, पिंपळगाव आणि नांदगाव किती आहेत हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला सांगायला नको; सहा आकडे त्यासाठीच. पहिला आकडा विभाग, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणारं डाकघर. ४११ च्या जागी ४१६ पडलं तर पुण्याचं पार्सल कोल्हापूरकडे फिरून येतं. 'मारुतीच्या देवळामागे' हे पोस्टमनला उपयोगी आहे, छाननीच्या यंत्राला नाही.

आता खर्चातला सगळ्यात छुपा भाग: परत आलेलं पार्सल. विक्रेते त्याला आरटीओ म्हणतात. नवख्याला वाटतं गाडीचं काहीतरी. घरी आल्यावर पैसे द्यायच्या ऑर्डरी, म्हणजे सीओडी, त्यात पुढे. हे दुखणं नवं नाही. आपल्या टपाल खात्यात व्ही.पी., म्हणजे दारात पैसे देऊन सोडवायचं टपाल, १८७७ पासून आहे, आणि मराठी प्रकाशकांच्या जुन्या जाहिरातींत 'व्ही.पी.ने पाठवू' हे वाक्य ठरलेलं असे. कुणी उत्साहाने कार्ड टाकायचं आणि पुस्तक दारात आल्यावर 'घरी कुणी नाही' म्हणायचं. जाण्या-येण्याचा खर्च प्रकाशकाच्या बोकांडी. आजचा हिशेब धरून पाहू. शंभर पार्सलं, प्रत्येकी साठ रुपये वाहतूक, त्यांतली वीस परत आली आणि परतीलाही साठच लागले. एकूण ७२०० रुपये, पोचली ऐंशी. म्हणजे पोचलेल्या प्रत्येक पार्सलामागे साठ नव्हे, नव्वद. त्यात परत आलेला फराळ पुन्हा विकता येत नाही. खाण्याच्या वस्तूला सीओडी देऊच नये, किंवा निदान शंभर रुपये आगाऊ घ्यावेत. हे कडक वाटतं. पण फुकटात ऑर्डर द्यायला बोट पुरतं, आणि नाकारायलाही.

पुस्तकं विकणाऱ्यांची कथा थोडी दुःखाची आहे. छापील पुस्तकांसाठी रजिस्टर्ड बुकपोस्टचा स्वस्त दर होता. तो डिसेंबर २०२४ मध्ये अचानक बंद झाला आणि छोटे प्रकाशक हबकले. १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आलं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये ते पाच किलोपर्यंत १०० रुपये, जमिनीवरून जाणारं आणि ट्रॅक करता येणारं. पाच किलो पुस्तकं शंभर रुपयांत ही आजही चांगली सोय आहे. अट अशी की पुस्तक शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक असावं, त्यावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव असावं आणि व्यापारी मजकूर नसावा. ठरावीक काळाने निघणारी प्रकाशनंही त्यात बसत नाहीत. तेव्हा १९०९ पासून चालत आलेला दिवाळी अंक, जाहिरातींसकट, ह्या खिडकीवर चालेल अशी आशा कुणी धरू नये.

काय पाठवता येत नाही, ही यादी लोक वाचत नाहीत आणि दिवाळीत नेमके तेच खोक्यात घालतात. फटाके अर्थातच नाहीत. पण पूजेचं साहित्य विकणाऱ्यांना ठाऊक नसतं की कापूर हा विमान वाहतुकीच्या नियमांत ज्वलनशील पदार्थ आहे. अल्कोहोल असलेलं अत्तरही तसंच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर आपोआप तापू शकणाऱ्या मालात मोडतात, त्यांतल्या तेलामुळे. 'लक्ष्मीपूजन किट' विमानाने जाणार असेल तर कापूर आणि खोबरं वगळावं, किंवा जमिनीवरची सेवा निवडावी. एक्स-रेमध्ये अडकलेलं पार्सल लक्ष्मीपूजनाआधी सुटत नाही. घरगुती खाद्यपदार्थांवर एफएसएसएआयचा चौदा आकडी नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन, किंमत आणि तयार केल्याची तारीख छापलेली हवी. ते गिऱ्हाइकासाठी तर आहेच, शिवाय तक्रार आली की पहिला प्रश्न तोच येतो.

परदेशी पार्सलांमुळे २०२५ ची दिवाळी अनेकांच्या लक्षात राहिली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून काढली. शुल्क कुणी आणि कसं गोळा करायचं हे स्पष्ट नसल्याने आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासूनच तिकडचं बहुतेक बुकिंग थांबवलं, आणि महिनाअखेर उरलंसुरलंही. ते पुन्हा सुरू झालं १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन २१ ला. म्हणजे न्यू जर्सीतल्या नातवासाठी सप्टेंबरात टाकायचं ते खोकं पोस्टाने जाऊच शकलं नाही. ज्यांना परवडलं त्यांनी खासगी कुरिअरकडे धाव घेतली. सेवा सुरू झाली ती नव्या रीतीने: तिकडचं शुल्क इथेच, बुकिंगच्या वेळी, जाहीर केलेल्या किमतीवर भरायचं. तेव्हा ते पन्नास टक्के होतं. असे दर वरचेवर हलतात, म्हणून परदेशी गिऱ्हाइकाला दोन महिने आधी भाव सांगून बसू नये.

अमेरिकेच्या अन्नविषयक नियमांत एक फरक फराळ विकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावा. कुणी स्वतःच्या घरी केलेला पदार्थ स्वतः भेट म्हणून पाठवला, तर त्याची आगाऊ सूचना तिथल्या अन्न-औषध खात्याला द्यावी लागत नाही. तोच लाडू विकत घेऊन पाठवला, तर द्यावी लागते. आजीचा लाडू आणि आजीकडून विकत घेतलेला लाडू कायद्याला वेगळे दिसतात. म्हणून विक्रीच्या पार्सलावर 'गिफ्ट' लिहून सुटण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. व्यापारी मालाची निर्यात पोस्टातून करायची रीतसर वाट आहे: २०२२ पासून ठिकठिकाणच्या डाकघरांत 'डाकघर निर्यात केंद्र' सुरू झालं, तिथे पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट भरता येतं आणि कस्टमचं काम ऑनलाइन होतं. त्यासाठी आयात-निर्यात कोड आणि मालाचा एचएस कोड हाताशी लागतो. गोधडीचा वेगळा, पितळी दिव्याचा वेगळा, चकलीचा वेगळा. काउंटरवर गेल्यावर तो शोधत बसलात, तर मागच्या रांगेतली माणसं काय बोलतील ते इथे छापता येणार नाही.